लोटू तात्या आणि अकरा नंबरचं गाव

लोटू तात्यांना पत्ता विचारू नये, हे बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे. पत्ता ते चुकीचा सांगतात असं नाही. उलट इतका बरोबर सांगतात की विचारणाऱ्याची सुटका होत नाही. "पंडित शिंप्याचं घर पाहिजे? कोणता पंडित? इथं तीन आहेत. एक शनवाऱ्यातून इकडं राहायला आला, एकाची सासुरवाडी इथली, आणि तिसऱ्यानं शिवणकाम सोडून पंधरा वर्षं झाली, पण लोक अजून शिंपीच म्हणतात." पाहुणा घर गाठतो तोवर घरातली जेवणं आटोपलेली असतात.

तात्या अडतीस वर्षं बऱ्हाणपुरात पोस्टमन होते. मूळचे तुकईथडचे. लहानपणी ते स्टेशनवर जाऊन डाकेच्या थैल्या बघत बसायचे. एका गाडीत एवढ्या थैल्या, आणि त्यांतली आपल्याच गावची थैली आपल्याच गावी कशी उतरते, हा त्यांना पडलेला पहिला प्रश्न. घरच्यांना वाटलं पोरगं गाड्या बघतंय. पोरगं थैल्या बघत होतं. पुढं मॅट्रिक झाल्यावर त्यांनी पोस्टात नोकरी धरली ती पगारापेक्षा या प्रश्नासाठी, असं ते सांगतात. मथुराबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं मत निराळं आहे. "पगारासाठीच धरली. प्रश्न फुकटचा आला सोबत."

प्रश्न मात्र खरोखर सोबत आला आणि निवृत्तीनंतरही गेला नाही. पिनकोड सुरू झाला तेव्हा सगळं पोस्ट वैतागलं, एकटे तात्या खूश. रावेर आपल्यापासून सायकलच्या टप्प्यात, तरी त्याचा आकडा चार-दोननं सुरू होतो आणि आपला चार-पाचनं, हे त्यांनी निदान शंभर जणांना सांगितलं असेल. "पहिला आकडा दोघांचा एक. दुसऱ्या आकड्याला राज्य बदललं. बघा, सरहद्द कुठं बसली आहे ती." लोक बघायचे आणि सायकल पुढं काढायचे. मी त्यांचा शेजारी, त्यामुळं मला सायकल काढूनही उपयोग नव्हता.

बऱ्हाणपूर जिल्हा झाला त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जिल्हा झाला तशी गावात कॉम्प्युटरची साथ आली. एका ऑफिसात आला की शेजारच्याला शिंका. मी ज्या केळी उत्पादक संघात कारकून होतो तिथंही पाच मशीन आली, ती एकमेकांना जोडायला निळ्या तारा आल्या आणि माझ्या टेबलाजवळ एक प्रिंटर बसला, जो छापताना गिरणीसारखा आवाज करायचा. हे सगळं जोडायला आणि चालवायला सहा महिन्यांच्या बोलीवर जी मुलगी घेतली, ती तात्यांची धाकटी, वंदना. बी.कॉम. झालेली, आणि अरविंदच्या कॉम्प्युटर क्लासात डिप्लोमाला बसलेली.

संघाचे अध्यक्ष सुकलालभाऊ धूलकोटकडचे मोठे केळीवाले. माणूस दिलदार, पण अकराच्या आकड्याला बांधलेला. जीप अकरा, ट्रॅक्टर अकरा, टेलिफोनच्या शेवटी अकरा. थोरल्या मुलीचं लग्न अकरा वाजून अकरा मिनिटांनी लागावं म्हणून त्यांनी भटजींना मंगलाष्टकं दोनदा म्हणायला लावली होती. सहा महिने संपत आले तेव्हा त्यांनी वंदनाला समोर बोलावून सरळ सांगितलं, "हे बघ बेटा, सोमवारी भोपाळहून सहकार खात्याचे साहेब येऊन राहिले. फाटकावर वजनकाट्यावर गाडी चढली की तिचं वजन माझ्या मशीनवर दिसलं पाहिजे, आणि मी इथून बटन दाबलं की तिकडं छापून निघालं पाहिजे. झालं तर तू पक्की. नाही झालं तर इंदूरची पार्टी तयारच आहे, ते त्यांचा माणूस बसवतील."

वंदना "हो काका" म्हणून बाहेर आली आणि माझ्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या रिकामा करून गेली.

तिची त्याच महिन्यात डिप्लोमाची परीक्षाही होती. संध्याकाळी ओसरीवर बसून ती पाठ करायची आणि तात्या लसूण सोलत ऐकायचे. कॉम्प्युटरलाही पत्ता असतो, हे ऐकल्यापासून त्यांचा लसूण मागं पडू लागला.

"चार आकडे, तात्या. मधे टिंब. प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न."

"दोनशे पंचावन्नच का?"

"तेवढंच मावतं त्या खोक्यात. आता पुढं ऐका. पत्त्याचे वर्ग असतात. पहिला आकडा एक ते एकशे सव्वीस असला तर ए वर्ग. मग पहिला आकडा म्हणजे गाव आणि मागचे तीन आकडे म्हणजे घर."

"तीन आकडे भरून घरं? किती होतात?"

"एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर."

तात्यांच्या हातातली पाकळी खाली पडली. एवढ्या घरांची वाटपाची बीट एका पोस्टमनला दिली तर काय होईल, याचा ते बहुधा विचार करत असावेत.

"बी वर्गात दोन आकडे गावाचे, दोन घराचे. पासष्ट हजार घरं. सी वर्गात तीन आकडे गावाचे, एकच घराचा. दोनशे चौपन्न घरं."

"एक आकडा म्हणजे दोनशे छप्पन झाले ना? दोन घरं कुठं गेली?"

"शून्य नंबर गावाच्या नावाला ठेवतात. आणि दोनशे पंचावन्नला पाठवलं की सगळ्या घरांत जातं."

"म्हणजे दवंडी," तात्या म्हणाले. "दवंडीवाल्याला घर नाही द्यायचं. बरोबर आहे. तो फिरतच असतो."

मला या सगळ्यात एकच गोष्ट समजली, आणि ती तात्यांनीच समजावली. पिनकोडात कोणता आकडा कशाचा, ते कायमचं ठरलेलं. इथं गाव आणि घर यांच्यामधली भिंत सरकते. ती कुठं आहे ते पहिला आकडा बघून ओळखायचं. मोठी गावं मोजकी, सव्वाशेच. वाड्या-पाडे मात्र वीस लाखांच्या वर. "ज्यानं केलं त्यानं खेडी बघितलेली दिसतात," तात्या म्हणाले. आता मोठ्या जगात हे वर्ग बाजूला पडले आहेत, नवी पद्धत आली आहे, असंही अरविंद वर्गात सांगायचा. पण परीक्षेच्या पुस्तकात ते होते, आणि संघाच्या मशीनमध्येही होते.

"पुढं म्हण," तात्या म्हणाले.

"बी वर्ग, एकशे अठ्ठावीस ते एकशे एक्याण्णव."

"थांब. ए कुठं संपला?"

"एकशे सव्वीसला."

"आणि बी अठ्ठावीसला सुरू. मग सत्तावीस?"

वंदनानं वहीत बघितलं. वहीत सत्तावीस नव्हता. तिनं चार महिने हेच पाठ केलं होतं आणि तिला तो कधी चुकल्यासारखा वाटला नव्हता. पण ज्या माणसानं आयुष्यभर सव्वीस नंबरच्या घरानंतर सत्तावीसचं दार शोधलं, त्याला कसं चालणार? दुसऱ्या दिवशी तात्या सायकल मारत स्वतः अरविंदकडे गेले. अरविंद शिकवत होता. त्यांनी मागच्या बाकावर बसून तास ऐकला, हात वर केला आणि विचारलं.

परत आले ते हसतच. "अगं, सत्तावीस म्हणजे आपलंच घर. त्या पत्त्यावर पाठवलं की पत्र बाहेर जातच नाही. फिरून आपल्याच दारात. मशीन स्वतःशीच बोलून बघते, मी ठीक आहे का म्हणून."

"आपल्याकडं त्याला डॉक्टरकडं नेतात," मथुराबाई आतून म्हणाल्या.

गुरुवारी वंदनानं पाचही मशीन जोडली. सी वर्गातलं गाव घेतलं, १९२.१६८.१. पहिले दहा घरनंबर तिनं पुढच्या सोयीसाठी मोकळे ठेवले आणि फाटकापासून आत येत नंबर दिले. वजनकाट्यावर गोदाबाई अकरा, मग मी आणि बाकीचे, अध्यक्ष शेवटी पंधरा. प्रत्येक मशीनवर पत्त्याची चिठ्ठी चिकटवली. गोदाबाईंनी काट्यावर एक हातगाडी चढवली आणि तिचं वजन आत अध्यक्षांच्या मशीनवर उमटलं. आम्ही चहा मागवला.

शुक्रवारी अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली. मग पेन काढून तिच्यातले आकडे एकेक करून मिळवले. बेरीज चौतीस आली. चेहरा उतरला.

"वंदना, हा नंबर मला नाही जमत. माझा बदल. अकरा, अकरा, अकरा, अकरा कर. चार वेळा."

"काका, चालेल का ते, मला नाही वाटत."

"मशीनला विचार. मशीन घेते का नाही घेत?"

वंदनानं भरलं. मशीननं घेतलं. इतकंच नाही, तर खालची एक ओळ स्वतःहून भरून टाकली. अध्यक्ष खुर्चीत मागं टेकले. "बघ, तिलापण आवडला."

त्यानंतर त्यांच्या मशीनवर काही दिसेना. ना काट्याचं वजन, ना माझा प्रिंटर. जोडलेल्या मशीनच्या यादीत एकट्या त्यांच्याच मशीनचं नाव. शनिवारी सबंध दिवस वंदना टेबलाखाली होती. तार बदलली, सगळ्या तारा जिथं येतात तो डबा बदलला, डब्यावरची तारेची जागा बदलली. मशीनमधलं कार्ड बिघडलं का, हे बघायला तिनं एकशे सत्तावीसला पाठवून बघितलं. लगेच उत्तर आलं.

"आलं ना उत्तर?" अध्यक्ष म्हणाले. "मग चालू तर आहे."

"हे तुमचं तुम्हालाच आलंय, काका."

"आलं ते महत्त्वाचं."

संध्याकाळी ती पाचही पत्ते वहीत उतरवून घरी गेली. तुम्हाला वाटेल, वर्ग पाठ असलेल्या मुलीला हे कळू नये? पण पाठ केलेलं परीक्षेसाठी असतं आणि टेबलाखालचं काम कामासाठी. आपण सगळ्यांनी शाळेत सरळव्याज शिकलेलं असतं, म्हणून काही बँकेत कोणी वहीतलं गणित आठवत नाही.

रविवारी सकाळी मी तात्यांकडे वर्तमानपत्र मागायला गेलो, तर बापलेक ओसरीवर. तिच्या वहीत पाचही मशीनचे पत्ते लिहिलेले, आणि प्रत्येकाखाली ती दुसरी ओळ. तात्या चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

"ही खालची ओळ कसली?"

"तिला मास्क म्हणतात. भरावी लागते."

"चौघांच्या खाली दोनशे पंचावन्न तीनदा, मग शून्य. अध्यक्षांच्या खाली दोनशे पंचावन्न एकदाच, मग तीन शून्यं. ती तू लिहिली?"

"नाही, मशीननं आपोआप भरली."

"मशीनला कसं कळलं, किती वेळा भरायचं ते?"

तात्यांनी हे खोचून विचारलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वंदना म्हणाली, "पहिल्या आकड्यावरून."

मग तिनं वही आपल्याकडं ओढली. "जितके दोनशे पंचावन्न तितके आकडे गावाचे. अकरा म्हणजे ए वर्ग. एक आकडा गाव, तीन आकडे घर. तात्या, आमच्या चौघांचं गाव एक आहे आणि काकांचं दुसरंच. त्यांची मशीन वजन मागते ते तिच्या गावात मागते. तिथं कोणीच नाही."

"आणि दोन गावांच्या मधे पोस्ट नाही का?"

"ते वेगळं यंत्र असतं. आपल्याकडं नाही."

"म्हणजे बिघडलं काहीच नाही," तात्या म्हणाले. "माणूस गाव सोडून गेला आणि सांगून नाही गेला. माझ्या बीटवर असे पुष्कळ होते."

बिघाड सापडला, पण तो खुर्चीत बसलेला होता. अध्यक्षांना अकरावरून उठवायचं कोणी? सोमवारी सकाळी वंदना नऊ वाजताच ऑफिसात हजर. सोबत तात्या, इस्त्रीचा सदरा घालून. साहेब बारा वाजता येणार होते.

वंदनानं सगळं नीट समजावलं. अध्यक्षांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "मग ते अकरा नंबरचं गाव कोणाचं आहे?"

हा प्रश्न तिनं आदल्या दिवशी अरविंदला विचारून ठेवला होता. "ते अमेरिकेच्या लष्कराच्या नावावर आहे, काका."

मला वाटलं, काम झालं. अध्यक्ष एकदम ताठ बसले. "अमेरिकेच्या? पूर्ण गाव?" आणि मिशीवरून बोट फिरवलं. "मग राहू दे. आपली काही हरकत नाही."

वंदना माझ्याकडं बघायला लागली. मी छताकडं. साडेदहा झाले होते.

तात्या तोवर खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. ते तिथूनच म्हणाले, "सुकलालभाऊ, जीप धुतली वाटतं."

"साहेब येऊन राहिले ना."

"नंबर छान रंगवला आहे. पुढं एमपी बारा का लिहिलं पण?"

"तात्या, ते तर सगळ्यांनाच लिहावं लागतं. खंडव्याचं पासिंग आहे. माझ्या जीपला बारा, या कारकुनाच्या लुनालाबी बाराच."

"तिथं पण अकरा टाकून घ्यायचं होतं."

"असं कसं टाकता येईल? पुढचं सरकारचं असतं. माझा नंबर शेवटचा. तो अकरा आहे."

"हा," तात्या म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघू लागले.

अध्यक्ष मशीनकडं वळले. त्यांनी मशीनवरची नवी चिठ्ठी वाचली, मग वंदनाच्या वहीतला जुना पत्ता वाचला. शेवटी म्हणाले, "वंदना, हे तुझं एकशे ब्याण्णव वगैरे पासिंग आहे काय?"

"हो, काका. पहिले तीन सगळ्यांचे सारखे. शेवटचा आपला."

"मग आधी का नाही सांगितलं? शेवटी अकरा लाव. पुढं काय पाहिजे ते लिही."

तिनं पटकन भरलं. पडद्यावर लगेच एक पाटी आली की हा पत्ता दुसऱ्या कोणाकडे आहे. त्याच क्षणी फाटकावरून गोदाबाईंचा आवाज आला, "वंदना, माझ्या मशीननं कायतरी लिहिलंय व माय." घाईत सगळे विसरले होते. घर नंबर अकरामध्ये गोदाबाई राहत होत्या.

गोदाबाई वीस वर्षं त्या काट्यावर बसलेल्या. अध्यक्ष निवडून येतात आणि जातात, गोदाबाई काट्यावर असतात. म्हणून त्यांच्याकडे निरोप न पाठवता आम्ही सगळे मिळून गेलो, खुद्द अध्यक्षसुद्धा.

"गोदाबाई, तुमचा नंबर मला पाहिजे होता," अध्यक्ष म्हणाले.

"कोणता नंबर, भाऊ?"

"मशीनचा. अकरा. त्याच्या बदली पंधरा घ्या."

गोदाबाईंनी चिठ्ठीकडं बघितलं, मग अध्यक्षांकडं. "घ्या ना. माले काय, केळी अकरानं तोला नाहीतर पंधरानं. भरायची तेवढीच भरतीन." मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, "तात्या, गेल्या खेपेले भाऊनं माझी खुर्ची नेली होती मीटिंगले. आता नंबर नेला. पुढच्या खेपेले काटाच उचलून नेतील."

"खुर्ची परत दिली ना," अध्यक्ष म्हणाले.

"पाय मोडून दिली."

वंदनानं दोन्ही नंबर बदलले तेव्हा साडेअकरा होत आले होते. काट्यावर काही चढवून बघायला गाडी नव्हती. तात्या स्वतःच सायकलसकट चढायला निघाले, पण तेवढ्यात फाटकात साहेबांची गाडी आली. साहेब अर्धा तास आधी आले होते. तात्या बाजूला झाले आणि गोदाबाईंच्या खोलीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

साहेब तरुण होते, हिंदीत भराभर बोलत होते आणि कोणत्याही गोष्टीला "अच्छा" म्हणत होते, त्यामुळं आवडलं की नाही ते कळत नव्हतं. अध्यक्षांनी त्यांना मशीनसमोर बसवलं. फाटकावर तुकईथडकडून आलेला केळीचा ट्रॅक्टर काट्यावर चढला होता. गोदाबाईंनी बटन दाबलं असावं. आत पडद्यावर काही नव्हतं. वंदना अध्यक्षांच्या खुर्चीमागं उभी होती आणि तिचे दोन्ही हात ओढणीत होते.

मग वजन उमटलं. गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव आणि खाली क्विंटल.

"अच्छा," साहेब म्हणाले. "प्रिंट?"

अध्यक्षांनी आपल्या हातानं, एका बोटानं बटन दाबलं. माझा प्रिंटर टेबलाजवळ होता आणि मी त्याच्याकडं असा बघत होतो, जसं लोक परीक्षेच्या निकालाच्या फळ्याकडं बघतात. तो जरा वेळ गप्प राहिला. मग खोकला आणि ओरडत छापू लागला. मी कागद फाडून साहेबांच्या हातात दिला.

"ये किसने जोड़ा?"

"हमारी ऑपरेटर है, साहब," अध्यक्ष म्हणाले. "वंदना. यहीं की है."

साहेब जेवून गेल्यावर अध्यक्षांनी नेमणुकीचं पत्र करायला सांगितलं. ऑफिसात मशीनवर मराठी टाइप करता येणारी एकच व्यक्ती होती, त्यामुळं वंदनाचं नेमणूकपत्र वंदनालाच टाइप करावं लागलं. अध्यक्ष उभ्यानं सांगत होते, "कुमारी वंदना लोटू महाजन यांना संघात ऑपरेटर पदावर कायम करण्यात येत आहे." कायम या शब्दाशी तिची बोटं अडली. तिनं ओढणीच्या टोकानं कळफलक पुसला, त्यावर काही नसताना, आणि पुढं टाइप केलं.

मी ते पत्र घेऊन बाहेर गेलो. तात्या सावलीतच होते, गोदाबाईंच्या मोडक्या खुर्चीवर तोल सांभाळून बसलेले. त्यांनी कागद हातभर लांब धरून एकदा वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

"आता ती घरी जेवायला येईल का काम लावलं?"

"काम लावलं, तात्या. तीन ट्रॅक्टर आलेत."

"बरं," ते म्हणाले. कागद माझ्या हातात दिला, भिंतीला टेकवलेली सायकल घेतली आणि मथुराबाईंना सांगायला निघाले.